भिंतीआडची टाकी

मराठी ललित निबंधाने घराचा कानाकोपरा पालथा घातला आहे, असे आपण वर्गात सांगतो. ओसरी, माजघर, देवघर, परसातली विहीर, माळ्यावरची ट्रंक, आजीचा पितळी डबा यांच्यावर लिहिलेल्या निबंधांचे एक जाडजूड संकलन सहज निघेल. न्हाणीघरापर्यंतही हा निबंध जातो. तांब्याचा बंब, त्याचा धूर आणि दिवाळीची पहाट ही तर त्याची आवडती सामग्री. त्यापुढच्या दारापाशी मात्र तो थबकतो. विनोदी लेखकांनी ते दार अधूनमधून ढकलून पाहिले, दलित आत्मकथनांनी त्याची मागची बाजू दाखवली. पण घरगुती अनुभवाचा पाईक म्हणवणारा आपला निबंध त्या खोलीविषयी बोलताना आवाज खाली घेतो किंवा विषयच बदलतो.

हा संकोच सार्वत्रिक नाही. जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाने १९३३ मध्ये छायेच्या सौंदर्यावर एक दीर्घ निबंध लिहायला घेतला. जगभरच्या सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्याचा आरंभ होतो तो विजेच्या तारा, गॅसच्या आणि पाण्याच्या नळ्या जपानी घरात कशा लपवायच्या या गृहकृत्याच्या चिंतेपासून, आणि पुढे थोड्याच अवकाशात तो जुन्या जपानी शौचगृहाच्या स्तुतीपर्यंत येऊन पोचतो. त्यातली एकही ओळ चोरटी वाटत नाही. इंग्रजीत तर सर जॉन हॅरिंग्टन या दरबारी कवीने १५९६ मध्ये आपण रचलेल्या पाण्याच्या शौचकूपावर एक अख्खे उपहासगर्भ पुस्तक लिहिले. फ्लशच्या इतिहासातला पहिला ठळक ग्रंथकार हा एक कवी आहे, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडते.

आपल्याकडे संकोच शब्दांतच मुरलेला आहे. परसाकडे जाणे, बहिर्दिशेला जाणे, टमरेल घेऊन जाणे, डबा घेऊन जाणे: या सगळ्या प्रयोगांत दिशा आहे, भांडे आहे, क्रिया नाही. 'शेतखाना' हा जुना शब्द ऐकून शेताची आठवण होते खरी, पण तो फारसी 'सेहतखान्या'चा अपभ्रंश. म्हणजे आरोग्याचे घर. अहिराणीत 'वावरमा' जाणे म्हणजे काय, हे खानदेशात वेगळे सांगावे लागत नाही. सन २००० मध्ये महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले, आणि त्यानंतरच्या काळात 'हागणदारी' हा रोखठोक शब्द सरकारी फलकावर येऊन बसला. मराठी गद्याच्या दृष्टीने ती लहानशी घटना नव्हती. ललित लेखकांनी टाळलेला शब्द ग्रामसेवकाने लिहिला.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की हा लेख आमच्या जळगावच्या घरातील संडासाच्या पाण्याच्या टाकीविषयी आहे.

ही टाकी दिसत नाही. पाच वर्षांपूर्वी सदनिका घेतली तेव्हा पांढऱ्या फरशीच्या गुळगुळीत भिंतीवर दोन बटणांची एक चौकोनी पट्टी होती. लहान बटण दाबले की तीन लिटर, मोठे दाबले की सहा लिटर पाणी येते. पाणी कुठून येते, हे विचारण्याची सोय त्या भिंतीने ठेवली नव्हती. नळकारागीर या प्रकाराला 'कन्सील्ड' म्हणतात. स्वित्झर्लंडच्या गेबेरिट कंपनीने अशी भिंतीत गाडलेली टाकी १९६४ मध्ये बाजारात आणली. दोन मापांचे बटण ही १९८० मधली ऑस्ट्रेलियाची देणगी, ब्रूस थॉम्पसन या रचनाकाराची. पाण्याच्या टंचाईतून जन्मलेली ही कल्पना असल्यामुळे ती खानदेशात येणे उचितच होते.

गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी तक्रार केली. त्यांना आम्ही नाना म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, झोप कमी, कान तीक्ष्ण. रात्री दोनच्या सुमारास घर निवांत झाले की भिंतीच्या आत कुणीतरी हळू आवाजात पाणी ओतते आहे, असे त्यांचे म्हणणे. दिवसा पाहावे तर काही नाही. भांड्याच्या मागच्या उतारावर मात्र केसासारखी एक ओली रेघ सतत चकाकत होती. बोट लावले की तुटायची, बोट काढले की पुन्हा जुळायची. गच्चीवरची टाकी सकाळपर्यंत अर्ध्यावर येत होती.

धुळ्याच्या माणसाला पाण्याचा आवाज झोपेतही ऐकू येतो. नानांचे आयुष्य धुळ्यात गेले. तापीवरची योजना, नकाणे तलाव, डेडरगाव तलाव ही नावे त्यांच्या तोंडी इष्टदेवतांसारखी असतात. आठ-आठ दिवसांनी नळ येण्याचे उन्हाळे त्या शहराने पाहिले आहेत. नळ आला की पिंप, घागरी, पातेली, वाट्यासुद्धा भरून ठेवणाऱ्या पिढीला रात्रभर वाया जाणारे पाणी म्हणजे दार उघडे टाकून झोपल्यासारखे वाटते. जळगावला वाघूर धरणाचे पाणी आहे, पण आमच्या भागात ते दिवसाआड येते, आणि उरलेली गरज इमारतीच्या कूपनलिकेतून भागवली जाते. हे दुसरे पाणी जड आहे. बादलीत चार दिवस ठेवले की काठावर पांढरे कडे धरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम अशी सांगितलेली आहे. खानदेशातल्या अनेक कूपनलिकांचे पाणी चाखले, की या दोन आकड्यांमधले अंतर जिभेला कळते.

अकरावीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने गळतीचे गणित मांडले. टाकीत येणारे पाणी बंद केले तर साधारण चाळीस मिनिटांत सहा लिटर उतरते. म्हणजे तासाला नऊ, दिवसाला २१६ लिटर. शहरी माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी लागते, असे पाणीपुरवठ्याच्या सरकारी नियमपुस्तिकेत गृहीत धरलेले असते. "म्हणजे बाबा, आपल्या भिंतीत दीड माणूस राहतो," ती म्हणाली. हे विधान मला त्या वेळी केवळ चतुर वाटले होते.

जुनी टाकी अशी गळत नसे, असे नानांचे मत होते, आणि ते शास्त्राला धरून होते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये माझे एक काका राहत. तिथे डोक्यावर, छताजवळ, ओतीव लोखंडाची टाकी असे आणि तिला साखळी. साखळी ओढून सोडली की आतली लोखंडी घंटा खाली बसे, थोडे पाणी उंच नळीच्या तोंडावरून ढकलले जाई आणि मग सायफनच्या तत्त्वाने उरलेले सगळे पाणी आपोआप त्याच्या मागे धावे. या रचनेची खुबी अशी, की खाली जाणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असते. टाकीच्या तळाशी झाकायचे भोकच नाही, मग गळणार काय? वरून पाणी जास्त झाले तर ते एका वेगळ्या नळीने घराबाहेर टपटपे, म्हणजे दोष सर्व वाडीला दिसे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या नियमांपर्यंत सायफनचीच टाकी सक्तीची होती, ती पाणी वाया जाऊ नये याच हेतूने.

आजच्या टाकीत तळाला भोक आहे आणि त्यावर रबराचे एक कडे बसते. वरच्या पाण्याचा भार त्या कड्याला दाबून धरतो. कडे नवे असेपर्यंत हे उत्तम चालते. पुढे क्षाराचा मोहरीएवढा कण त्याच्याखाली अडकला, किंवा रबर ताठरले, की केसाएवढी फट पडते. याशिवाय पाणी वाहून जायला आणखी एक वाट असते. टाकी भरल्यावर तरंगता गोळा पाणी बंद करतो. त्याने काम केले नाही तर जास्तीचे पाणी मधल्या उभ्या नळीतून थेट भांड्यात उतरते. जुन्या काळी बाहेर टपटपून बोंब मारणारी नळी आता आत वळवलेली आहे. दोन्ही दोषांचे लक्षण एकच: भांड्यातली ती ओली रेघ.

सायफनचा विषय निघाला म्हणजे धुळेकर विश्वेश्वरय्यांचे नाव घेतल्यावाचून राहत नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे धुळे परिसरात पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे नळाच्या सायफनने पाणी नेणे. आता हा सायफन आणि टाकीतला सायफन एक नव्हे. तिथे पाणी नदीच्या पात्राखालून खोल उतरते आणि पलीकडे आपल्या मूळ पातळीच्या ओढीने पुन्हा वर येते. इथे ते आधी वर चढून मग खाली ओढले जाते. नाव एकच, वृत्ती उलट. पुढे १९०३ मध्ये याच अभियंत्याने खडकवासल्याला पाणी ठरावीक उंचीवर गेले की आपोआप उघडणारी दारे बसवली. पातळीने स्वतःच स्वतःला आवरावे, ही कल्पना धरणाला आणि संडासाच्या टाकीला सारखीच लागू आहे.

पांझरेच्या काठी तर त्याहून कितीतरी जुनी व्यवस्था होती. फडपद्धतीत नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि शेवटी जास्तीच्या पाण्याला सांडवा. कुणाच्या फडाला कधी पाणी द्यायचे हे पाटकरी पाही, पिकाची राखण जागल्या करी. या रचनेतली प्रत्येक गोष्ट उघड्यावर होती. पाणी कुठे फुटले, कोणी वळवले, कोणाच्या बांधाला भगदाड पडले, हे सगळ्या गावाला दिसे आणि म्हणून त्यावर भांडणही होऊ शके. भिंतीतल्या पाण्याविषयी भांडायचे कोणाशी?

पहिला कारागीर आला तो तरुण होता. त्याने पट्टीवर दोनदा टिचकी मारली, आवाज ऐकला आणि सांगितले, "सहा फरश्या फोडाव्या लागतील. टाकी काढून नवी बसवू." खर्चाचा आकडा आमच्या एका महिन्याच्या किराण्याच्या दुप्पट होता. त्याचा दोष नव्हता. त्याने नवीन बसवण्याचे शिक्षण घेतले होते, दुरुस्तीचे नाही. आणि बाजारालाही तेच हवे आहे. महाविद्यालयातल्या शिपाईभाऊंनी मग दुसरे नाव सुचवले. हे गृहस्थ साठीचे, पारोळा तालुक्यातले, तीस वर्षे जळगावात नळाची कामे करणारे. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पाना, पक्कड, पेचकस, टेफ्लॉनची टेप आणि एक लहान गोल आरसा.

त्यांनी आधी भिंत पाहिलीच नाही. पत्नीकडे चिमूटभर हळद मागितली. पट्टीचा खालचा काठ बोटांनी वर सरकवला, ती अलगद हातात आली. मागे दोन स्क्रू, ते काढल्यावर एक प्लास्टिकचे झाकण, आणि झाकणामागे अंधार. त्या वहीएवढ्या खिडकीतून त्यांनी हळद आत सोडली आणि आम्हाला म्हणाले, "आता दहा मिनिटं कोणी बटन दाबू नका." भांड्यातली ओली रेघ हळूहळू पिवळी झाली. टाकीतलेच पाणी गळते आहे, एवढे सिद्ध झाले. पण खालच्या कड्यातून की वरच्या नळीतून? त्यांनी आत हात घालून टाकीची तोटी बंद केली आणि आरसा धरून पाण्याकडे पाहत राहिले. पाणी उभ्या नळीच्या काठापाशी येऊन थांबले असते तर दोष गोळ्याचा. ते काठाच्या खाली उतरतच गेले, म्हणजे दोष कड्याचा. पाठभेदाची चिकित्सा करणाऱ्या संशोधकाची ही रीत आहे. एकच लक्षण दोन कारणांनी संभवत असेल तर एक कारण बंद करून पाहावे.

नंतरचे काम सगळे स्पर्शाचे होते. कोपरापर्यंत हात आत, मान भिंतीकडे वळलेली, डोळे मिटलेले. बटणाच्या काड्या बाहेर आल्या. पाणी भरणारा भाग आला. मग मुख्य झडप, अर्धा आटा फिरवून, तिरकी करून, त्या खिडकीतून बाळंतपणाच्या सावधपणे बाहेर काढली. तिच्या तळाचे रबर काळे, ताठ, आणि एका बाजूला क्षाराची बारीक पांढरी किनार. दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, ओळख होती. झडप लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवली. तिच्यावरचा थर फसफसत सुटला. टाकीच्या तळाची बैठक, जिथे रबर टेकते, ती त्यांनी फडक्याने पुसली, नखाने तपासली, पुन्हा पुसली. नवे वायसर ऐंशी रुपयांचे. ते बसवून, सगळे उलट्या क्रमाने परत आत नेऊन, तोटी उघडून त्यांनी गोळ्याची उंची थोडी कमी केली, म्हणजे पाणी काठापासून बोटभर खाली थांबेल. एकही फरशी फुटली नाही.

काम चालू असताना मी एक बालिश प्रश्न विचारला. इतकी नाजूक वस्तू भिंतीत लपवण्याची गरजच काय? त्यांनी हात आतच ठेवून अहिराणीत उत्तर दिले, "दपाडाले हरकत नही, सर. पन हात जाई इतली जागा ठेवनी पडस."

हे वाक्य मी तेव्हापासून मनात घोळवतो आहे. मी सौंदर्यशास्त्र शिकवतो. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे दरवर्षी फळ्यावर लिहितो, आणि मर्ढेकरांचा जन्म १९०९ साली इथे जवळच फैजपूरला झाला, हे सांगताना वर्गातल्या यावल-रावेरच्या मुलांचे चेहरे कसे उजळतात ते पाहतो. रचनेचे बळ वाचकाला जाणवावे, पण तिची यंत्रणा डोळ्यांत खुपू नये, असे आपण सगळेच शिकवतो. कलेचे कौशल्य कला लपवण्यात, हे लॅटिन वचनही कधीतरी उद्धृत होते. पारोळ्याच्या या गृहस्थांनी त्या वचनाला जोडलेली अट मला कोणत्याही समीक्षाग्रंथात इतक्या स्वच्छपणे भेटलेली नाही. लपवण्याला त्यांची हरकत नाही. त्यांची हरकत आहे ती हात जायला जागा न ठेवणाऱ्या लपवण्याला.

चहा झाला. त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले आणि कप घ्यायला मार्गिकेत उभे राहिले. नाना बैठकीतून म्हणाले, "इकडे बसा ना, भाऊ." ते सोफ्याच्या कडेला टेकले, काचेचा कप हातात फिरवून पाहिला आणि काहीही तक्रार नसलेल्या स्वरात म्हणाले, "काही घरी कागदाचा देतात. म्हणजे कसं, स्वयंपाकघरातला नळ असला तर काचेचा. संडासचं काम असलं तर कागदाचा. काम तेच, पाना तोच."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या गावाची चौकशी केली, पाऊस विचारला, आणि बोलता बोलता स्वतःच्या धुळ्यातल्या घरावर आले. ब्रिग्ज साहेबाने १८१९ नंतर वसवलेल्या, सरळ आखलेल्या, नंबरांच्या गल्ल्यांचे ते शहर. गल्लीचा नंबर सांगितला की माणसाचा पत्ता पुरा होई. आमच्या घराच्या मागे मात्र एक बोळ होता, त्याला नंबर नव्हता. त्या बोळात प्रत्येक घराची एक हातभर उंचीची लोखंडी झडप उघडे. आतमध्ये पाटी असे. पहाटे एक बाई येई, झडप उघडून पाटी काढी, रिकामी करी, परत ठेवी. मीही लहानपणी ती झडप पाहिलेली आहे. खेळताना चेंडू त्या बोळात गेला की आम्ही तो सोडून देत असू. पुढे सेप्टिक टाकी झाली आणि झडप विटांनी बुजवली गेली.

"तीस-पस्तीस वर्षं येत होती," नाना म्हणाले. "दिवाळीला आई फराळ द्यायची, तो वरून, पदरात टाकायची. मी तिला पाहिलंय, पण तोंड आठवत नाही. नाव तर कोणी विचारलंच नाही. हाक मारायची वेळ आली की कामाच्या नावानं हाक."

नळवाले काका ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि इतकेच म्हणाले, "ऱ्हास तसं, नाना."

आमच्या कन्येने गणिताच्या गमतीत म्हटलेला भिंतीतला माणूस त्या दुपारी माझ्यासाठी खरा झाला. पाण्याच्या फ्लशने आपल्या समाजात केलेले सर्वांत मोठे काम स्वच्छतेचे नाही, सुटकेचे आहे. त्याने एका माणसाला त्या बोळातून मोकळे केले, निदान करायला हवे होते. हे काम यंत्राआधी काही माणसांनी हातात घेतले होते. अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात स्वतः सफाई करत करत मैल्याचे खत करणाऱ्या गोपुरी संडासाची रचना बसवली. मर्ढेकरांच्याच फैजपूरला, त्यांच्या जन्मानंतर सत्तावीस वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले साने गुरुजी त्या अधिवेशनासाठी राबले, आणि मैला वाहण्याचे कामही त्यांनी केले. गुरुजींच्या कोमल गद्यावर आपण शेकडो वेळा परीक्षेत प्रश्न काढले. त्यांच्या हातातल्या त्या पाटीवर एकदाही काढला नाही.

कायद्याने हे सर्व संपले आहे. पाटीच्या संडासांना आणि हाताने मैला उचलण्याला बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा अधिक कडक २०१३ चा. तरीही गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून गुदमरलेल्या कामगारांच्या बातम्या अजून येतात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, चार ओळींत, पुष्कळदा वडिलांच्या नावाशिवाय. बोळ बुजला, झडप बुजली, पण भिंतीमागे कोणीतरी असणे संपलेले नाही. आपण बटण दाबतो. पांढऱ्या भिंतीवरून सहा लिटर पाणी येते आणि त्याच्यासोबत प्रश्नही खाली जातो. ते पुढे कुठे जाते, कोणत्या टाकीत साठते, ती टाकी वर्षा-दोन वर्षांनी कोण उपसतो, त्याच्यापाशी दोरी असते का, मुखवटा असतो का, हे आमच्या इमारतीच्या सभेत कधी चर्चेला आलेले नाही. या वर्षी ते मी विषयपत्रिकेवर घातले आहे. पाचवा विषय म्हणून, वाहनतळाच्या खाली. पण घातले आहे. उपसणी यंत्रानेच करायची आणि कोणाही माणसाला आत उतरवायचे नाही, असा ठराव लिहून ठेवला आहे. त्याला विरोध होईल असे वाटत नाही. आवाज खाली जातील, एवढेच.

इथे साहित्याचा शिक्षक म्हणून एक शंका मला छळते. ही खोली आपल्या निबंधात येत नाही, याचे कारण आपण सुरुचीचे मानतो. पण सुरुची म्हणजे पुष्कळदा बुजवलेली झडपच असते. देवघरावर लिहिताना लेखकाला फक्त देव आणि आजी आठवली तरी चालते. या खोलीवर प्रामाणिकपणे लिहू लागले की नाव नसलेली एक बाई आठवते, आणि आजीने वरून टाकलेला फराळही आठवतो. मग त्या आजीवरचा निबंध पूर्वीसारखा लिहिता येत नाही. दलित आत्मकथने आल्यावर मराठी गद्य बदलले, असे आपण म्हणतो. बदलले ते त्यांचे. आपल्या घरातून त्याच बोळाकडे पाहणारे गद्य अजून फारसे लिहिले गेलेले नाही, आणि ते लिहिण्याची जबाबदारी त्यांची नाही, आपली आहे. हात जाईल एवढी जागा ठेवली नाही, तर निबंधही आतल्या आत गळत राहतो. वरून भिंत छान दिसते.

असो. टाकी आता शांत आहे. जाताना त्या गृहस्थांनी सांगितले की पाणी जड आहे तोवर दर सहा महिन्यांनी झडप लिंबूसत्त्वात धुवावी, वायसर दोन-तीन वर्षे जाईल. नानांनी कालनिर्णयवर तारखेला खूण केली. मग त्यांनी आपली जुनी दूरध्वनींची वही मागवली. तिच्यात दूधवाला, गॅसवाला, इस्त्रीवाला अशा नोंदी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. 'न' हे पान उघडून त्यांनी चष्मा लावला आणि विचारले, "तुमनं पूर्ण नाव सांगा, भाऊ. वडिलांच्या नावासकट."

त्यांनी सांगितले. नानांनी थरथरत्या अक्षरात ते लिहिले, पुढे आडनाव, त्याच्याखाली गाव, तालुका पारोळा. वही 'न'च्या पानावर उघडी होती, पण त्यांचे आडनाव दुसऱ्याच अक्षरापासून सुरू होत होते. नानांनी लिहिलेले खोडले नाही. ते अक्षर शोधून, पान उलटून, तिथे पुन्हा एकदा सगळे नाव लिहिले.